खंडेनवमीला विसावलेली कुपी

मित्रांनो, मी एक जुनी अँटीबॉडी आहे. शाळेच्या पुस्तकात मला प्रतिपिंड म्हणतात. देवासच्या एका प्रयोगशाळेतल्या टेबलावर, बोटभर कुपीत मी पडून आहे. आता माझा काडीचाही उपयोग नाही, आणि कुणी कुपी हातात घेतली की लाजेनं जीव नकोसा होतो.

माझा जन्म एका पांढऱ्या सशाच्या रक्तात झाला. मधमाश्या राणीला जो घट्ट, पांढरा खुराक भरवतात, त्यातलं एक प्रथिन सशाला टोचलं, आणि ते ओळखायला मी तयार झाले. हेच प्रथिन माश्यांच्या तोंडातून खऱ्या मधातही उतरतं. साखरेच्या पाकात ते कुठून येणार? मधाचा थेंब पट्टीवर ठेवायचा, वर मला सोडायचं, मग रंग घालायचा. मध खरा असला की तपकिरी डाग उमटे. केवढं कौतुक व्हायचं माझं! मला थंडीत ठेवा, एवढाच काय तो माझा हट्ट.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे भाऊ. त्यांचे पूर्वज दरबारात हत्यारं सांभाळत. ती रीत भाऊंनी सोडली नव्हती. खंडेनवमीला ते सगळी यंत्रं पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायचे. २००४ साली त्यांना भलताच उत्साह आला. "आज हत्यारं विसावतात," असं म्हणत त्यांनी फ्रीजचाही प्लग काढला! वर दसऱ्याची सुट्टी लागली. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी नासून गेले. सुट्टीनंतर भाऊंनी पाहिलं, जीभ चावली आणि गुपचूप प्लग लावला. चार लोकांत हसं होईल म्हणून कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात बागलीहून जयवंतीबाई मध घेऊन आल्या. त्यांच्या गटातल्या बायकांनी मधपेट्या ठेवल्या होत्या, आणि तपासणीत मध खरा ठरला तरच व्यापारी तो घेणार होता. पट्टी कोरी राहिली.

"भाऊ, हाच मध मी नातवाला चाटवते. त्यात साखर कशाला घालू हो?" बाई रडकुंडीला आल्या.

भाऊ खाली बघत म्हणाले, "पट्टी खोटं बोलत नाही, बाई."

अहो, पट्टी काय बोलणार? बोलणारी मी, आणि मीच मेलेली! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली.

बागलीत जयवंतीबाईंना 'शक्करवाली' हे नाव पडलं. गटातल्या दोघींनी पेट्या विकून टाकल्या. प्रयोगशाळेतल्या तरुण देवश्रीच्या कानावर हे आलं, तशी तिला चैन पडेना. तिनं राणीच्या अस्सल खुराकाचा थेंबच पट्टीवर ठेवला. तीही कोरी!

"भाऊ, हा तर एकदम असली माल आहे, तरी डाग नाही. गडबड मधात नाही, अपने यहाँ है."

भाऊंचा चेहरा उतरला. "प्लग मी काढला होता, देवश्री. बाई रडत होत्या ना, तेव्हाही मला ते ठाऊक होतं गं."

पुढच्या हाटाच्या दिवशी भाऊ बागलीला गेले. भर बाजारात हात जोडून म्हणाले, "जयवंतीबाई, तुमचा मध खरा आहे. खोटा मी. पूजेच्या नादात फ्रीज मीच बंद केला, आणि ते लपवलं."

बाईंनी त्यांना पाणी दिलं, बसायला पोतं अंथरलं. मग शांतपणे म्हणाल्या, "फ्रीजला हात जोडलेत भाऊ, ते चांगलंच केलंत. माझं पण जरा ऐकून घेतलं असतंत तर?"



अजूनही खंडेनवमीला फ्रीजला माळ पडते, पण प्लगला कुणी हात लावत नाही. मला मात्र भाऊंनी फेकलं नाही. मुद्दाम समोर ठेवलंय. मधाची तपासणी निघाली की आधी माझ्याकडे बघतात, आणि मग देवश्रीला विचारतात, "असली थेंब लावून पाहिलास ना?"

म्हणून मित्रांनो, वस्तू जपा, त्यांची पूजाही जरूर करा. पण हातून चूक झाली तर त्याच दिवशी सांगून मोकळे व्हा. सांगितलंत तर लाज तुमच्याच घरी येते आणि दोन दिवसांत जाते. लपवलीत, तर ती दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते.