पिंजऱ्याची कडी

माझी आई, मालिनी, मुलांसाठी कादंबऱ्या लिहायची आणि मला खोटं बोलू नकोस म्हणून बजावायची. दोन्ही कामं तिनं मन लावून केली. बाबांची बँकेतून लखनौला बदली झाली तेव्हा ती रडली होती म्हणे, की तिथे मराठी कोण वाचणार? मग आलमबागच्या आमच्या क्वार्टरमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजत तिनं पाच पुस्तकं लिहिली. ती पुण्यात छापली जायची. इथे कुणाला पत्ताच नसायचा. शेजारच्या आंटी विचारायच्या, "भाभीजी, दिनभर क्या लिखती रहती हो?" आई म्हणायची, "चिठ्ठी."

मी शाळेतून आले की तिचा प्रश्न ठरलेला. "आज काय झालं गं?" आणि मी बावळट, सगळं भडाभडा सांगून टाकायचे. त्या पाच पुस्तकांत दात माझे पडले, गणितात नापास मी झाले. मला आवडायचं ते, कशाला खोटं बोलू?

पोपटाची गोष्ट मात्र वेगळी होती.

खालच्या मजल्यावर उत्कर्षा राहायची, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिचे बाबा म्हणजे आमच्या बाबांचे साहेब. तिच्या आजोबांना सगळी कॉलनी आप्पा म्हणायची. आप्पांनी नखासच्या बाजारातून एक पोपट आणला होता आणि त्याला 'या, बसा' शिकवलं होतं. दूधवाला येवो नाहीतर पोस्टमन, पोपट आपला 'या, बसा!' चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी आप्पा डुलकी काढत होते. मी गॅलरीत जाऊन पिंजरा उघडला. नुसतं पोपटाच्या डोक्यावरून बोट फिरवायचं होतं हो! तेवढ्यात उत्कर्षानं आतून हाक मारली, मी धावले आणि कडी लावायची राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी पिंजरा रिकामा. त्याआधी आप्पांनी दोनदा गॅस चालू ठेवला होता, त्यामुळे कुणी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. आप्पा विसरले, झालं. आप्पा म्हणत राहिले, "अरे, मी कडी लावली होती रे." मग म्हणेनासे झाले. त्यांच्याकडून घराची किल्ली काढून घेतली, एकट्यानं भाजी आणायला जाणं बंद केलं, सदऱ्याच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी आली. हिंडताफिरता माणूस खुर्चीत बसला.

आठवड्यानं मी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, मी आत्ता खाली जाते आणि आप्पांना सांगून येते. तिनं माझा हात धरला.

"वेडी आहेस का? बाबांच्या साहेबांचं घर आहे ते. पोपट काय परत येणार आहे का? गळ्याशपथ, मी कुणाला सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस."

असा स्वतःच्या गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली हो तिनं. आणि दोन वर्षांनी तिची सहावी कादंबरी आली, 'चौदा पायऱ्या'. पोपट, आजोबा, कडी, सगळं त्यात होतं. शेवटच्या प्रकरणात ती मुलगी एकटी जिना उतरून खाली जाते आणि आजोबांना खरं सांगते. आमच्या जिन्याला चौदाच पायऱ्या आहेत. पुण्याच्या एका संस्थेनं पुस्तकाला मोठा पुरस्कार दिला. मुलीचं धाडस मनाला भिडतं, असं परीक्षकांनी लिहिलं. धाडस म्हणे! माझा हात धरून ठेवला आणि कागदावरच्या पोरीला खाली पाठवलं.

मी थयथयाट केला. आई म्हणाली, "अगं, नावं बदललीत मी. आणि इथे मराठी वाचतंय कोण?"

वाचणारं होतं ना एक माणूस. महाराष्ट्र मंडळानं हजरतगंजला आईचा सत्कार केला आणि पुस्तकाची एक प्रत मंडळाच्या कपाटात गेली. उत्कर्षाला मराठी समजायचं, वाचता यायचं नाही. पण खुर्चीत बसून आप्पांना दुसरं काम काय होतं? ते कपाट त्यांनी दोनदा वाचून संपवलं होतं.

एका रविवारी आप्पा वर आले. कठड्याला धरून, एकेक पायरी चढत, पुस्तक काखेत. मागून उत्कर्षा ओरडत होती, "आप्पा, गिर जाओगे!" तीन वर्षांत त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला पाहिला नव्हता.

"मालिनी," ते दारातूनच म्हणाले, "यातलं खरं किती गं?"

आई हसली. सत्काराला हसली होती, अगदी तशीच.

"अहो आप्पा, गोष्ट आहे ती. सगळं मनचं."

"असं होय." ते पुस्तकाकडे बघत राहिले. "मला आपलं वाटलं... म्हणजे मीच विसरलो."

मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे वटारले. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की भीती वाटायचीच राहून गेली.

"नाही आप्पा. कडी तुम्ही लावली होती. मी उघडली. मी तेव्हाच खाली येणार होते, आईनं मला येऊ दिलं नाही."

"लावली होती ना?"

"लावली होती."

आप्पा उत्कर्षाकडे वळले. "ऐकलंस? लावली होती मी." पण ती माझ्याकडेच बघत होती. "तीन साल, पूर्वा?" एवढंच म्हणाली आणि आप्पांचा हात धरून खाली गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. चूक तिची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले. आई ओट्याशी बसली होती. "आज काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून मी तिला तेवढंच सांगते. सातवी कादंबरी तिनं अजून लिहिलेली नाही.