पट्ट्याचं दुखणं

स्टीलच्या वाटीत पडलेली दाढ, पिवळट, मुळाशी रक्त चिकटलेली... मालसुन बघत राहिली. दुखत नव्हती बिचारी, नुसती हलत होती. पण हाडांचं इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी ती काढलेली बरी, नंतर जबड्याची जखम भरता भरत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कॅन्सर छातीचा, शस्त्रक्रिया होऊनही वर्षं लोटलेली, आता तो पोहोचला पाठीच्या मणक्यांत, आणि उपचारांची सुरुवात दाढेपासून!

बरा होणार नाही, आवरून धरता येईल. गोळ्या, दुखऱ्या मणक्यावर किरणं, ते इंजेक्शन... आणि भार नको. मणका पोखरलाय, पिचला तर पाय जातील. म्हणजे शंख काढायला बुडी मारताना कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा नको, म्हणजे समुद्र नको.

वर्षभर तिनं त्या पट्ट्यालाच शिव्या घातल्या. जेजू बेटावरच्या कुठल्या बुडीवालीची कंबर दुखत नाही? पट्टा खाली सरकवला, एक शिसं कमी केलं, पाण्यात शिरण्याआधी डोकेदुखीची पूड जिभेवर टाकली. सगळ्याच टाकतात. "आडवं पडल्यावर दुखायचं थांबायचं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तिला रात्रभरची ठणक आठवली. पट्टा खुंटीला आणि दुखणं अंगात — कसं दिसलं नाही मला? कामाचं दुखणं म्हणून लाडानं पोसलं की मी...

"आई, आज बायकांना सांगून टाक," गाडी चालवताना लेक मिरान म्हणाली.

"सांगते."

"कालही हेच म्हणालीस."

किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटी पेटली होती. धूर येत नाही ती थोरल्या बुडीवालीची जागा, तिची जागा, रिकामी ठेवलेली. सांगितलं की ती जाणार. मग बायका पेज घेऊन घरी येतील, हळू आवाजात बोलतील... नको, आज नको.

"ये ताई! दात पाडून आलीस? आता शंख चावणार कशानं?" धाकटी सोबतीण कुमजा हसली, आणि उठताना कमरेवर हात दाबून थांबली. "पूड दे गं एक. तूच लावलीस ना सवय! हल्ली रात्री नुसती पडून असले तरी ठणकतं... मेला हा पट्टा!"

मालसुनचा हात पिशवीत गेला, पुडीला लागला, तिथेच राहिला. असेलही पट्ट्याचंच, बहुतेकींचं तेच असतं. पण नसलं तर? आणि हिला तपासायला धाडायचं, तर आधी आपलं सांगावं लागेल.

"देतेस ना?" कुमजाचा तळवा पुढे तसाच.

पूड न देता मालसुननं तो हात घट्ट धरला. बायका बघू लागल्या... बघू देत. भीती होतीच, पण सकाळपासून पहिल्यांदाच ती स्वतःच्या मणक्यांची नव्हती. आता सांगायचंच; कुठून सुरुवात करावी, तेवढं मात्र तिला कळेना.