एकादशीच्या आड

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात, मग कथेला हात घालतात. मी थेट कथाच सांगते, कारण ती माझ्याच हातून घडली आहे.

हुबळीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी सिस्टर. बायकांच्या वॉर्डात धारवाडच्या निवृत्त शिक्षिका कुसुमावतीबाई होत्या. त्यांना दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन असायचं. पंख्याचा वारा सोसेना म्हणून त्या दिवशी त्यांनी खाट बदलून घेतली होती, मला ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या जागी अळणावरकडच्या यमुनाबाई, पायाच्या जखमेसाठी आलेल्या, भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. वडीलधाऱ्यांना नाव विचारणं मला उद्धटपणाचं वाटे. नेहमीसारखं म्हटलं, "कुसुमाक्का ना?" त्यांनी मान हलवली. मनगटावरची नावाची पट्टी न वाचता मी सुई टोचली.

तासाभरात यमुनाबाईंना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले. रक्तातली साखर बेचाळीस. डॉक्टर वादिराजांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, त्याचंच सलाईन लावलं, तशा त्या बोलू लागल्या. इतक्यात खिडकीकडच्या खाटेवरून कुसुमावतीबाईंनी विचारलं, आज माझं इंजेक्शन राहिलं का गं? तेव्हा कुठं मी यमुनाबाईंच्या मनगटावरची पट्टी वाचली.

यमुनाबाईंची लेक संगीता सांगत होती, आईची एकादशी, सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. उपासानंच साखर उतरली, असं म्हणत डॉक्टर रागावले. खायला घाला, सलाईन संपलं की काढा, म्हणाले.

एकादशी मीही धरते, आणि त्या दिवशी तिच्याच आड लपले. संगीता माझे हात धरून आभार मानत होती. इन्सुलिन अजून चार-पाच तास साखर ओढणार, हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

डॉक्टर दारापाशी पोचले तेव्हा तोंड उघडलं. "सर, उपास नव्हे. कुसुमाक्कांचं इन्सुलिन मी यांना दिलं."

संगीतानं माझे हात सोडले. सलाईन चालूच ठेवलं, संध्याकाळपर्यंत साखर तपासत राहिलो. दोनदा पुन्हा उतरली. डॉक्टर मला जे बोलले, त्यातला एक शब्द खोटा नव्हता. यमुनाबाईच मध्ये पडल्या.

"तिला नका बोलू, अण्णा. काय विचारतीया कळलं न्हाई, मीच मान हलवली."

शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

आता प्रत्येक खाटेपाशी मी म्हणते, तुमचं नाव तुम्हीच सांगा, आणि मग पट्टी वाचते. रोज विसरतेस काय गं, म्हणून बायका चिडवतात. चिडवू देत.

आज देवापुढं हात जोडाल तेव्हा मला सोडा. त्या यमुनाबाईंची तेवढी आठवण काढा.