बाईंचा फोन

दमयंतीबाईंच्या पोटात दुखायला लागलं ते नव्या खुर्चीपासून. काळ्या रेक्झिनची, गोल फिरणारी ती खुर्ची तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्याने बांधलेल्या नव्याकोऱ्या ऑफिसात, तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत येऊन बसली होती. तिच्यावर कोण बसणार हे साहेबांनी अजून सांगितलं नव्हतं. पण त्या खोलीत शिकवणी चालली होती ती नुकत्याच कामाला लागलेल्या उषाची. मग सांगायचं राहिलं काय, असं बाईंनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

बाई इथल्याच, जवळच्या माहीमच्या, केळीच्या वाडीतल्या. कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून टेलिफोनचा बोर्ड त्यांच्या हातात. साहेब कोणासाठी जागेवर असतात आणि कोणासाठी नेमके बाहेरगावी जातात, हे साहेबांपेक्षा त्यांनाच आधी कळे. गेटवरच्या शिवाजीलाही त्यांनीच तयार केलं होतं. ऑफिसातून फोन आल्याशिवाय मोठं फाटक उघडायचं नाही, मग बाहेर कोणी का उभा असेना. शिवाजीने हा नियम देवाच्या नेमासारखा पाळला होता.

आता मुंबईहून प्रताप नावाचा इंजिनिअर आला आणि त्याने सगळ्याचा एकच संसार मांडला. पूर्वी फोनची वायर वेगळी, घंटेची वेगळी, दारांची वेगळी, कोणाचं कोणाशी देणंघेणं नाही. या सगळ्या बारीक वायरी, हात लागला तरी झटका न देणाऱ्या, त्याने एका पॅनेलमध्ये आणल्या. छतावरच्या पांढऱ्या वाटीला धूर लागला की हे पॅनेल भोंगा वाजवणार, काचेच्या दारांची विजेची कुलुपं सोडणार, स्पीकरवरून लोकांना बाहेर पडायला सांगणार आणि आगीच्या बंबासाठी फाटक उघडावं म्हणून गेटवर फोनही लावणार. त्या फोनपुरता बाईंचा जुना बोर्ड काचेच्या खोलीत आणला होता आणि पॅनेलची एक जाड वायर, बाईंच्या भाषेत दोरी, त्यात खोचली होती. म्हणजे फोनसुद्धा तेच करणार. बाईंनी काय नुसत्या शेंगा सोलायच्या?

आणि उषा! उमरोळीची, नुकती आयटीआय झालेली, घट्ट वेणीची पोर. तिच्यात खोट काढायची म्हटली तर एकही सापडत नव्हती, आणि बाईंना तेच सहन होत नव्हतं. डबा खायला बसली की आधी बाईंना वाढायची, दहादा "बाई, हे कसं करू?" म्हणून विचारायची. एकदा प्रताप सगळ्यांसमोर म्हणाला, उषाताईंना एकदा सांगितलं की पुरतं. इतक्या वर्षांत आपल्याबद्दल असं कोणी बोलल्याचं बाईंना आठवेना. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

नव्या इमारतीची वास्तुशांत ठरली. कारखान्यातली पूजा म्हणजे बाईंचं खातं, चौरंगापासून प्रसादापर्यंत. आदल्या दिवशी उषा हळूच येऊन म्हणाली, होम बाहेर पोर्चमध्ये मांडूया, आत धूर झाला तर पॅनेल आग समजून सगळं सुरू करेल. बाई "बघते" म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी उषा यायच्या आत त्यांनी हॉलमध्ये बरोबर त्या पांढऱ्या वाटीखाली होमकुंड मांडलं. भर पूजेत भोंगा किंचाळावा, पाहुण्यांची पळापळ व्हावी, साहेबांनी कपाळाला हात लावावा आणि म्हणावं, हे या पोरीचं काम नव्हे. एवढंच त्यांना हवं होतं.

उषा आली तेव्हा मंत्र सुरू झाले होते. तिने एकदा छताकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. बाई तिथून उठल्या आणि काचेच्या खोलीत गेल्या. पॅनेलचे दिवे शांत लुकलुकत होते, आणि त्याची दोरी त्यांच्या बोर्डात ऐटीत बसली होती. माझ्या बोर्डातून याने का बोलावं? बाईंनी दोरी उपटून काढली.

"बाई, धूर वाढतोय," दारातून उषा म्हणाली. "वाटी झाकूया?"

तिची नजर बाईंच्या हातातल्या दोरीवर आली आणि तिथेच थांबली. तेवढ्यात भोंगा वाजला.

पण पळापळ झालीच नाही. काचेची दारं आपोआप सुटली, स्पीकरवरचा आवाज शांतपणे वाट सांगू लागला आणि उषा दाराशी उभी राहून एकेकाला बाहेर काढू लागली. साहेब खूश होऊन पाहुण्यांना सांगत होते, बघा, न ठरवता परीक्षा झाली. सोवळ्यातल्या गुरुजींसकट सगळी वरात फाटकापर्यंत गेली, आणि अडकली. फाटक बंद होतं. डोक्यावर रणरणतं ऊन, मागे भोंगा, आणि पुढे हाताची घडी घालून उभा शिवाजी.

साहेब ओरडले तसा तो म्हणाला, "बाईंचा फोन नाय आला, साहेब. फोनबिगर मी नाय उघडनार."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेब आणि प्रताप तडक काचेच्या खोलीत गेले, मागोमाग बाई आणि उषा. दोरी बोर्डाखाली लोंबत होती. ही कोणी काढली, असं साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडून निघाली, साहेब," उषा म्हणाली. "सकाळी बोर्ड पुसला, तवा परत लावायची राहिली."

सकाळी ती आली तेव्हा मंत्र चालू होते, हे बाईंना माहीत होतं. तरी त्यांनी नुसता पदर सारखा केला.

साहेबांनी उषाला चार शब्द सुनावले आणि बाईंकडे वळून म्हणाले, पोर हुशार आहे, पण अजून कच्ची आहे. खुर्चीवर तुम्हीच बसा, ही तुमच्या हाताखाली शिकेल.

दोघे निघून गेले. बाई खुर्चीवर बसल्या. उषाने खाली वाकून दोरी उचलली, बोर्डात खोचली आणि रडू आवरत म्हणाली, "तुमी बसा बाई. मी परसाद घेऊन येते."

ती दिसेनाशी होईपर्यंत बाई बघत राहिल्या. आपण तिच्या जागी असतो तर साहेबांना खरं सांगून मोकळे झालो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खुर्ची मिळाली होती, पण पोटातलं दुखणं कालच्यापेक्षा जास्त होतं. दुसऱ्याची चूक अंगावर घेणंही त्या पोरीलाच जमलं होतं.