ही बाजू वर

मी एक पुठ्ठा बोलतोय. तसं पाहिलं तर मी बोलत नाही. माझ्यावर जे लिहिलेलं असतं ते बोलतं, मी नुसता टांगलेला असतो. पण माझ्यामुळे एकदा भर चौकात माणसं गप्प झाली, आणि त्यावरून इतकं उलटसुलट बोललं गेलं, की आता दोन शब्द माझेही असू द्यात.

माझा जन्म रद्दीतून झाला. जुनी वर्तमानपत्रं, फुटकी खोकी, कोणाच्या तरी नापास उत्तरपत्रिका, लग्नाच्या उरलेल्या पत्रिका, असं सगळं भिजवून, कालवून, लाटून मला केलं. त्यामुळे मला थोडंथोडं सगळं कळतं आणि धड काहीच कळत नाही. माझ्यात कोणाकोणाचं लिखाण आहे आणि ते घेताना कोणाची परवानगी घेतली होती, हे मी कधी विचारलं नाही. पुढे ते विधेयक आलं तेव्हा मला पहिली भीती स्वतःचीच वाटली.

कारखान्यात माझ्या एका अंगावर एक बाण आणि तीन शब्द छापले: ही बाजू वर. जन्मतः मिळालेली ही एकच सूचना. गोदामात, टेम्पोत, जिन्यात, जिथे गेलो तिथे मला उलटंच ठेवलं गेलं. ज्यांनी उलटं ठेवलं ते निरक्षर नव्हते. माणसं वाचतात, पण आपल्यासाठी लिहिलंय असं त्यांना वाटत नाही.

मी ज्या खोक्याची बाजू होतो, त्यात बाळाचा लाकडी पाळणा सुटा करून भरलेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बाळाच्या बाबांनी तो जोडला. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. "जास्तीचा देतात," बाबा म्हणाले. बाळाच्या आईने तो डबीत जपून ठेवला, आणि त्यानंतर पाळण्यात बाळाला ठेवताना दर वेळी तिला तो स्क्रू आठवायचा. ही बाई अशीच आहे. शिकलेली आहे, संगणकाचं काम करायची, चार माणसांत नीट बोलते. पण बाळ रडलं तरी तिला काळजी, आणि फार वेळ रडलं नाही तर जास्त काळजी.

बाळाचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण घरात त्याला भोंगू म्हणतात. कारण विचारावं लागत नाही.

भोंगू महत्प्रयासाने दुपारी झोपायचा आणि नेमकी तेव्हाच बेल वाजायची. म्हणून तिने खोकं कापून मला वेगळा केला, माझ्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने लिहिलं, "बाळ झोपलंय. आवाज करू नका." मग हे फारच हुकूम सोडल्यासारखं झालं असं वाटून मध्ये काकपदाची खूण देऊन वर "कृपया" घुसवलं. मग ते "कृपया" कुत्सित तर वाटत नाही ना, म्हणून नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कोणी इतकं वाचत नाही गं.

चुकलं त्याचं. वाचतात, आणि मोठ्याने वाचतात. दारावरची पाटी मनात वाचायची असते हे फार थोड्यांना माहीत आहे. कुरिअरवाला मला रोज खणखणीत आवाजात वाचायचा, बेल वाजवायची नाही म्हणून दार धडाधडा बडवायचा, आणि वर विचारायचा, "बाळ झोपलंय वाटतं?" तोवर उठलेलं असायचं.

भोंगूला झोपवायचा एकच खात्रीचा उपाय होता: आजीचं गाणं. आजी म्हणजे बाळाच्या आईची आई, दूरच्या गावी राहते, गुडघ्यांमुळे प्रवास करत नाही. तिने फोनवर गाणं म्हणून पाठवलं होतं. चाल एका जुन्या सिनेमातली. शब्द पहिल्या ओळीपर्यंत खरे, पुढचे तिला आठवत नाहीत म्हणून तिथे ती समोर दिसतील ती भांडी घालते. पातेलं झोपलं, झाकण झोपलं, चिमटा कुठे गेला कोण जाणे. चिमट्यापर्यंत भोंगूचे डोळे मिटायचे.

हे इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून त्या बाईने बाळंतपणाच्या रजेत बसून एक संकेतस्थळ तयार केलं. नाव ठेवलं "निजानीज". घरातली सगळी माणसं अंथरुणाला पाठ टेकतात त्या वेळेला जुनी माणसं निजानीज म्हणतात. या घरात ती वेळ काही येत नव्हती. निदान नावात तरी. कोणाचंही बाळ ज्या आवाजाने झोपतं तो आवाज तिथे ठेवायचा, एवढाच नियम. कोणी पंख्याची घरघर ठेवली. एका ट्रकचालकाने गाडी मागे घेतानाची टीं-टीं ठेवली, तिच्यावर म्हणे जुळी झोपतात. एका आजोबांनी शेअरबाजाराचे भाव वाचून दाखवले होते, त्यांना सगळ्यात जास्त मागणी. आणि एका परिचारिकेने आपल्या आईचं गुणगुणणं ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं: आई आता नाही, माझा तो फोनही बिघडला, तिचा आवाज आता फक्त इथे आहे. सांभाळा.

त्या "सांभाळा"मुळे बाळाच्या आईची उरलेली झोपही गेली.

मग विधेयक आलं. भिंतीला कान असतात म्हणतात. दाराला मी होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकू जेवणाच्या टेबलाशी बसून समजावत होत्या. विधेयकाचा गोषवारा असा: संकेतस्थळावर कोणीही काहीही ठेवलं तरी जबाबदार ते चालवणारा. कोणी तक्रार केली, की आधी सगळं संकेतस्थळ बंद, चौकशी नंतर. शिवाय प्रत्येकाने एक यंत्र बसवायचं, ते लोकांच्या आधी ऐकणार आणि जे दुसऱ्याचं वाटेल ते अडवणार. गाणी-सिनेमे उचलणाऱ्या चोरांना आळा बसावा म्हणून हे सगळं.

बाळाची आई म्हणाली, पण माझ्याकडे चोर कुठे आहेत, आज्या आहेत.

"अगं, तुझ्या आईची ती चाल कोणाची?" काकूंनी विचारलं.

"सिनेमातली. पण भांडी आईची."

"भांड्यांवर तक्रार येणार नाही."

बाळाच्या बाबांना गंमत सुचली. गाणं ओळखणारं एक यंत्र त्यांच्या फोनात होतं, त्याला त्यांनी सासूबाईंचं गाणं ऐकवलं. यंत्राने विचार करून सांगितलं की हे एका टायरच्या जाहिरातीचं संगीत आहे. बाबा हसले. काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हेच तर. उद्या टायरवाल्याने तक्रार केली तर तू काय त्याला सासूबाई नेऊन दाखवणार आहेस का?

काकूंचं आणि बाबांचं मत एक झालं: कायदा होण्याआधी आपणच गुपचूप बंद केलेलं बरं. लहान मूल पदरी आहे, दंड आणि तुरुंग या शब्दांशी खेळायचं नाही. तिने मान हलवली. "निजानीज बंद करत आहोत, क्षमस्व" असा मजकूर लिहून कच्चा म्हणून ठेवला. रोज उघडायची, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करायची, परत ठेवून द्यायची. परिचारिकेला काय सांगायचं ते त्या मजकुरात कुठे बसत नव्हतं.

विधेयकावर चर्चा होती त्या दिवशी विरोध करणारी मंडळी विधिमंडळासमोरच्या चौकात जमणार होती. बरीच संकेतस्थळं त्या दिवशी निषेध म्हणून आपली पानं काळी, म्हणजे बंद, ठेवणार होती. हिने निजानीज काळं केलं नाही. बाळं जागी राहिली तर त्याचा त्रास सरकारला होत नाही, आयांना होतो, असं तिचं म्हणणं. त्यापेक्षा स्वतः जाते म्हणाली. नवरा कामावर, भोंगूला ठेवायचं कोणाकडे, म्हणून त्याला कापडी झोळीत छातीशी बांधलं. निघताना आठवलं, फलक हवा. घरात दुसरा पुठ्ठा नव्हता. तिने मला दारावरून काढला.

माझ्या छापील बाजूवर, त्या उलट्या झालेल्या बाणाच्या खाली, तिने लिहिलं: "आमचा आवाज बंद करू नका." या बाजूला कृपया लिहिलं नाही. लिहावं का, असा विचार मात्र जिन्यात दोनदा केला. वाचकहो, माझ्या दोन्ही बाजूंत फरक एवढाच, की एकीवर "आवाज करू नका" होतं आणि दुसरीवर "आवाज बंद करू नका". एका "बंद"चा काय तो फरक.

चौकात गर्दी बरीच होती. तरुण मुलं, गाणारे, पुस्तकविके, एक दाढीवाले गृहस्थ हातात ध्वनिक्षेपक घेऊन घोषणा देत होते. ही कडेला उभी राहिली. घाबरलेली होती. लिहिलेलं बरोबर आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहता यावं म्हणून तिने मला घोषणेची बाजू स्वतःकडे करून उंच धरलं. ती आतून "आमचा आवाज बंद करू नका" वाचत होती. बाहेरून जग वाचत होतं, "बाळ झोपलंय. कृपया आवाज करू नका." आणि खाली झोळीत भोंगू खरोखरच झोपला होता.

मला कळत होतं. पण मी पुठ्ठा. धरणाऱ्याच्या मनाविरुद्ध वळायची माझी पद्धत नाही.

आधी शेजारच्या दोघींनी वाचलं, झोळीत डोकावल्या, आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मागच्यांना शू केलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. का गप्प व्हायचं हे दहाव्या रांगेत कोणालाही माहीत नव्हतं, पण पुढचे गप्प आहेत म्हणजे काहीतरी ठरलेलं असणार. दाढीवाल्यांनी निम्मी घोषणा तोंडात ठेवून ध्वनिक्षेपक खाली केला. बघता बघता चौक चिडीचूप झाला. पोलिसांना गोंगाटाबद्दल आदेश होते. शांततेबद्दल काहीच नव्हते, त्यामुळे ते एकमेकांकडे पाहू लागले. विधिमंडळाच्या गच्चीत दोनचार बडी माणसं आली. ओरडा चालू होता तोवर त्यांना कोणी बाहेर आलेलं पाहिलं नव्हतं. एका छायाचित्रकार बाईने तिचा आणि माझा फोटो काढला.

आपलं काही बोलायचं राहिलंय का, लोक आपल्याकडे का बघतायत, या काळजीने तिला घाम फुटला. तिच्या छातीची धडधड भोंगूला लागली असावी. त्याने डोळे उघडले, गच्चीकडे पाहिलं, आणि सूर लावला.

इतक्या शांततेत तो सूर कुठवर गेला असेल, तुम्हीच कल्पना करा. बाळ उठलं, तेव्हा आता हरकत नाही, असं सगळ्यांना एकदम वाटलं, आणि चौक जो बोलायला लागला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

चूक तिला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळली. पहिल्या पानावर ती, भोंगू आणि माझी भलतीच बाजू. तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काही लोक म्हणत होते, ही बाई सरकारने पाठवली असणार, आवाज करू नका म्हणते. बाकीचे म्हणत होते, याला म्हणतात उपरोध. तिने खुलासा लिहिला की मी उपरोध केला नाही, पुठ्ठा उलटा धरला. काकूंनी तो पाठवू दिला नाही. म्हणाल्या, तू विचार करून केलंस असं लोकांना वाटतंय. आयुष्यात एकदाच वाटतं, वाटू दे.

तिने तो फोटो निजानीजवर ठेवला. आजीला दिसावा म्हणून. दोन दिवसांत वर्तमानपत्राच्या कचेरीतून नोटीस आली: छायाचित्र आमच्या मालकीचं आहे, त्वरित काढावं. त्याच दिवशीच्या त्यांच्या अग्रलेखात विधेयकाचा कडक समाचार घेतलेला होता. तिने फोटो निमूटपणे काढला. नियम म्हणजे नियम, आणि तो टिपणाऱ्या बाईचीही मेहनत होतीच. फक्त रिकाम्या चौकटीत तिने एक ओळ लिहिली: "इथे माझं बाळ होतं, ते माझं नाही असं कळलं."

ती ओळ फोटोपेक्षा दूर गेली. म्हणे सभागृहात कोणीतरी वाचूनही दाखवली. मोठ्याने.

काही आठवड्यांनी विधेयक समितीकडे पाठवलं. बाबा पेढे आणायला निघाले होते, काकूंनी थांबवलं. मागे घेतलेलं नाही म्हणाल्या, नुसतं झोपवलंय.

बाळाची आई तेव्हा भोंगूला थोपटत होती. तिने विचारलं, "काकू, उठेल कधी?"

"भूक लागली की."

झोपलेलं उठतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि ते उठतं तेव्हा घरातलं कोणीतरी आधीच जागं असावं लागतं, हेही. भोंगू चिमट्यापर्यंत पोचला, तेव्हा तिने फोन उघडला, तो स्वल्पविरामांचा कच्चा मजकूर शोधला आणि पुसून टाकला. मग परिचारिकेच्या आईचं गुणगुणणं आहे ना जागच्या जागी, ते कानाला लावून ऐकलं. होतं.

आता मी परत दारावर आहे. कोपरे मऊ पडलेत, "कृपया" फिकट झालंय. तुम्हाला दिसते ती बाजू जुनीच. दुसरी दाराच्या लाकडाला टेकून आहे, ती फक्त मला आणि दाराला माहीत आहे. टांगण्याचं भोक खालच्या अंगाला पाडल्यामुळे तिकडचा बाण जमिनीकडे दाखवतो. ही बाजू वर, तो म्हणतो. अजून कोणी ऐकलेलं नाही.

एवढीच विनंती, की दाराशी आलात तर मला मनात वाचा. आणि पुन्हा कधी मला खाली उतरवून चौकात न्यायची वेळ आली, तर उंच धरण्यापूर्वी एकदा वळून बघा, जगाकडे कोणती बाजू केलीय. बाळाची आई बघणार नाही. तिला तेव्हा बाळ सांभाळायचं असेल.