थोरला ॲल्युमिनियमचा

मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या बाबांना घरच्यांना धातूंच्या हिशेबाने तोलायची खोड होती. जावईबापू म्हणजे चांदी: वीज सगळ्यांत झकास वाहते, पण रोजच्या वापराला परवडत नाही. आत्या सोडियम: रॉकेलात बुडवून ठेवलेली बरी, पाण्याचा विषय निघाला की भडका. धाकटा मुलगा तांबं. आणि थोरला ॲल्युमिनियम: तांब्याला स्वस्तातला पर्याय.

थोरल्याला हे जेवतानासुद्धा सलायचं. त्यात आता बाबा काम सोडणार होते आणि खिशातला लाल मुठीचा टेस्टर एका मुलाला देणार होते. धाकट्याने त्यासाठी आधीच शर्टाला खिसा शिवून घेतलाय, असा थोरल्याला दाट संशय होता. वास्तविक शर्ट खिशासकटच दुकानातून आला होता.

"बाबा, परीक्षा घ्या," थोरला म्हणाला. "बॅटरी तीच, बल्ब तोच. होऊन जाऊ दे."

त्याने स्वतःसाठी ॲल्युमिनियमची करंगळीएवढी जाड तार उचलली आणि धाकट्यासाठी तांब्याची केसासारखी. ॲल्युमिनियमवर बल्ब लख्ख पेटला, तांब्यावर मिणमिणला.

"बघा!"

"एवढा सुटलास तर उजेड पडणारच," बाबा म्हणाले. "सारख्या जाडीच्या घे."

घेतल्या. थोरल्याचा उजेड अंमळ कमी पडला. त्याने बल्ब बाहीने पुसून पाहिला.

"फार फरक नाही रे दादा," धाकटा म्हणाला. हे थोरल्याला हरण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"आता स्वभाव बघू," म्हणत बाबांनी मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा ग्लासभर पाण्यात विरघळवला आणि दोन्ही तारांचे तुकडे आत सोडले. तांबं ढिम्म. ॲल्युमिनियमही गप्प. थोरल्याने मान ताठ केली. तेवढ्यात त्याचा तुकडा फसफसायला लागला.

"वरचं कवच जाईपर्यंत शांत," बाबा म्हणाले, "मग असा."

"मी नाही फसफसत!" थोरला असा ओरडला की शेजारचा शिंपी डोकावून गेला.

बाबांनी टेस्टर काढून धाकट्याला दिला.

"आण, चालतो का बघू दे." थोरल्याने तो हिसकावून सॉकेटमध्ये खुपसला. दिवा लागेना. त्याच बोर्डावर पंखा मात्र गरगरत होता. "बंद आहे! बाबा, हा बंद आहे!" त्याचा आनंद पोटात मावेना.

"केव्हाचाच. मी बल्ब लावून बघतो. तो खिशाला शोभतो म्हणून ठेवलाय."

"मग तूच घे ना दादा," धाकटा म्हणाला.

"तू देऊन काय उपयोग?" थोरला म्हणाला. "बाबांनी द्यायला हवा होता." त्याने टेस्टर धाकट्याच्या खिशात नीट अडकवला आणि ग्लासापाशी जाऊन बसला. तुकडा निम्मा झाला होता.

"अरे, काढ तो. संपेल," बाबा म्हणाले.

"संपू दे."

बाबांनी पक्कडीने तुकडा बाहेर काढला, नळाखाली खूप वेळ धुतला, पुसला आणि स्वतःच्या खिशात, टेस्टरच्या रिकाम्या जागी ठेवला.

धाकटा बघत होता.

"बाबा," तो जरा चिरक्या आवाजात म्हणाला, "माझा तुकडा अजून ग्लासातच आहे."