घरटी एक गळपट्टा

मी गळपट्टा बोलतोय. दचकू नका. माझे खिळे बाहेरच्या अंगाला आहेत, आतून मी मऊ आहे. तरीही मला पहिल्यांदा पाहणारा माणूस एक पाऊल मागं सरतो आणि नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावून बघतो. मला आता त्याची सवय झाली आहे. नाही, खरं तर नाही झाली.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडं धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. उसात सावली असते, गारवा असतो, पिलं घालायला आडोसा असतो. म्हणून बिबट्या आला आणि इथलाच झाला. तो मागून येतो आणि मानेला धरतो. माझ्या जन्माचं कारण एवढंच.

मला रामनाथनं केलं. बाजारपेठेत त्याचं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान आहे. मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी असले खिळ्यांचे पट्टे तो कधीमधी करून द्यायचा. मग एका दिवाळीनंतर माणसं आली आणि आपल्या मानेची मापं द्यायला लागली. रामनाथनं सीटचं उरलेलं रेक्झिन दुपदरी घेतलं, आत स्पंज भरला, खिळे ठोकले, मागं बक्कल लावलं. मला स्वतःच्या गळ्यात घालून त्यानं गिऱ्हाइकाच्या गाडीच्या आरशात बघितलं आणि घाईघाईनं काढून ठेवलं.

"राव, कुत्र्याच्या गळ्यात बरा दिसायचा हा," एवढंच तो म्हणाला.

बोरी बुद्रुकच्या अलीकडं कालव्याला लागून एक वस्ती आहे. तिथल्या समाजमंदिरात एका रविवारी बुद्धवंदना झाल्यावर आमचं वाटप झालं. घरटी एक. चिमाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"घरटी एक व्हय? आन घरात बाया दोन हायेत, त्याचं काय?"

"आलटून पालटून घाला, चिमाबाई," वाटणारा म्हणाला.

"मंग बिबट्यालाबी सांगून ठिवा, आज कुणाची पाळी हाय ते."

सगळे हसले. चिमाबाईंची सून प्रतीक्षा हसली नाही. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. भीतीनं नव्हे. मला वाटतं, मला पाहून आनंद झालेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

त्याचं कारण मला पुढं कळलं. प्रतीक्षा नारायणगावच्या एका पतसंस्थेत कामाला जाते. नवरा रत्नदीप चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी. मुलगी सुजाता, म्हणजे सुजू, तेव्हा अंगणवाडीत होती. सुजू झाल्यापासून प्रतीक्षाच्या रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज तासभर भरभर चाला, नाहीतर चाळिशीच्या आत सुया टोचून घ्याव्या लागतील. आणि दुसरं म्हणजे ती लिहायची. कॉलेजात असल्यापासून. तिच्या दोन कथा छापून आल्या होत्या. त्या वाचून पुण्याच्या एका प्रकाशकानं विचारलं होतं, छोटी कादंबरी द्याल का, गुढीपाडव्यापर्यंत?

तिनं हो म्हटलं होतं. पण लिहायचं कधी? पहाटे पाणी, मग स्वयंपाक, तीन डबे, सुजूची वेणी. संध्याकाळी परत तेच, उलट्या क्रमानं. ती लिहायला बसली की सुजू मांडीवर येऊन बसायची. मांडी एकच होती. म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. सकाळी कालव्याच्या रस्त्यानं चालायचं आणि चालता चालता कादंबरी मोबाईलमध्ये बोलायची. एका तासात दोन्ही कामं. पण त्या हिवाळ्यात कालव्याकडं बिबट्या दिसला आणि घरच्यांनी तो तासच बंद करून टाकला.

मी तो तास तिला परत मिळवून दिला. हे मी अभिमानानं सांगायचो.

"आत्या, सकाळी मी घालून जाऊ? तुम्ही गवताला निघायच्या आत येते."

"जा की. पर येळेवर ये. शेरडं वरडायला लागत्यात."

चिमाबाई दिवस वर आल्यावर शेळ्यांसाठी गवत कापायला जायच्या. वाकून काम करणाऱ्या माणसावरच जनावर जास्त येतं, म्हणून त्यांना माझी गरज होती. तर ठरलं असं, की पहाटे मी सुनेच्या गळ्यात आणि नंतर सासूच्या. प्रतीक्षा परत आली की दारातच मला काढायची, पदरानं घाम पुसायची आणि चिमाबाईंच्या हातात द्यायची. मी गरम असायचो. चिमाबाई म्हणायच्या, "भाकरीवानी आणलास गं."

वनखात्याची माणसं सांगून गेली होती, बाहेर पडलात तर मोठ्यानं बोला, गाणी लावा, आवाज करा. जनावर आवाजाला बिचकतं. प्रतीक्षाला हे फार बरं पडलं. ती खणखणीत आवाजात कादंबरी सांगत चालायची. वस्तीवर ऐकू जायचं. शेजारच्या लंकाबाई दात घासता घासता ओरडायच्या, "काय गं पोरी, कुणाशी बोलतीस एवढं?"

"बिबट्याशी. त्याला गोष्ट सांगते."

"सांग, सांग. आमच्या मालकानं न्हाई ऐकली कधी, त्यो तरी ऐकंल."

चेष्टाही व्हायची. कुत्र्याचा पट्टा बांधून कीर्तन करत चालली म्हणायचे. प्रतीक्षा मान ताठ ठेवून पुढं जायची. अर्थात माझ्यामुळं मान ताठच राहते, वाकवताच येत नाही.

तिच्या कादंबरीतली बाई होती झुंबर. मढजवळ, माळशेजच्या वाटेवर चहाची टपरी चालवणारी. घाटात पर्यटक येतात, भजी खातात, फोटो काढतात आणि निघून जातात. झुंबर तिथंच. तिला एकदा, फक्त एकदा, एसटीत बसून घाटाच्या पलीकडं जायचं असतं. टपरी कोणावर टाकायची, म्हातारं माणूस कोणावर टाकायचं, यातच तिची वर्षं जातात. गळ्यात असल्यामुळं मला शब्द ओठांवर यायच्या आधीच कळायचे. आतून एक थरथर यायची. झुंबरच्या गोष्टीत प्रतीक्षा कुठं कुठं आहे, हे मला समजत होतं. मी कुणाला सांगणार?

माघात कादंबरी शेवटाकडं आली. आणि प्रतीक्षाला उशीर व्हायला लागला. आधी थोडा, मग बराच. ती कालव्याच्या पुलावर थांबायची. चालणं विसरायची, बोलणं चालू. घरी यायची तेव्हा चिमाबाई दारात विळा घेऊन उभ्या. रागवायच्या नाहीत. एकदा मात्र म्हणाल्या, "तुझी ती बाई बसली का एष्टीत?"

"नाही अजून, आत्या."

"बशीव बाई लवकर. शेरडांना कादंबरी कळत न्हाई."

त्या सकाळी धुकं होतं. प्रतीक्षा पुलावर उभी राहून बोलत होती. झुंबरनं टपरीला कुलूप घातलं होतं, एसटी आली होती, तिनं पायरीवर एक पाय ठेवला होता. प्रतीक्षा तेच वाक्य परत परत निरनिराळ्या तऱ्हेनं बोलून बघत होती. चढली, की पाय मागं घेतला? दिवस वर आलेला मला दिसत होता. पट्ट्याला ओरडता येत नाही.

वस्तीकडून आधी शेळ्यांचा आवाज आला. मग सुजूची किंकाळी.

प्रतीक्षा धावली. एरवी ती भरभर चालायची, पण धावताना मी तिला प्रथमच पाहिलं. माझे खिळे तिच्या हनुवटीला लागत होते, तिला ते जाणवत नव्हतं. घरामागच्या उसाच्या कडेला शेजारच्या भरतनं ट्रॅक्टर आडवा घातला होता आणि तो हॉर्न दाबून धरून बसला होता. जनावर गेलं होतं. चिमाबाई गवताच्या भाऱ्याशेजारी पडल्या होत्या, दोन्ही हात मानेवर. बोटांमधून रक्त येत होतं. सुजू बांधावर उभी होती. आजीच्या मागं मागं आली होती, एका पायात चप्पल. तिला काही झालं नव्हतं.

"पोर बघ आधी," चिमाबाई म्हणाल्या.

आणि प्रतीक्षानं काय केलं? तिनं मला ओरबाडून काढलं आणि सुजूच्या गळ्यात बांधलं. सगळं होऊन गेल्यावर. मी त्या एवढ्याशा गळ्याभोवती सैल लोंबत होतो, तिच्या खांद्यांवर टेकलो होतो, आणि तिचा श्वास मला लागत होता.

चिमाबाई वाचल्या. नारायणगावचा दवाखाना, मग पुण्याचा, मग बऱ्याच दिवसांनी घर. मान डावीकडं वळत नाही. डावा हात वर जात नाही. आवाज बारीक झाला आहे, घशातून वारा गेल्यासारखा. एका दुपारी प्रतीक्षा त्यांना पेज भरवत होती, तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"तुझ्यावर न्हाई काय. मीच थांबले न्हाई. तुझा आवाज येत व्हता कालव्यावरनं. म्हटलं ही बोलतीया, म्हंजी त्यो हिकडं येत न्हाई. आवाजाला भितोय ना त्यो."

प्रतीक्षाचा चमचा हवेत राहिला. मग तिनं तो पुढं केला, चिमाबाईंनी तोंड उघडलं. मी खुंटीवर होतो. मला तेव्हा जे कळलं ते तिलाही कळलं असणार. आवाजाला तो भितो, हे खरं. पण हाकललेलं जनावर नाहीसं होत नाही. कालव्यावरून निघालं तर दुसरीकडं जातं. सगळ्या वस्तीनं रोज तो आवाज ऐकला, आणि रोज सगळ्यांना वाटलं की तो सगळ्यांसाठीच आहे.

रत्नदीप सुट्टीवर आला होता. तो वाईट माणूस नाही.

"मी तुला काही बोलत नाहीये," तो म्हणाला.

"बोल की."

"काय बोलू? माणूस फिरायला जातं, नाहीतर लिहायला बसतं. तुला दोन्ही एकदम पाहिजे होतं."

"वेगवेगळं करायला वेळ कधी होता?"

"मग एकतर सोडायचं होतं ना."

"तू काय सोडलंस?"

त्यावर तो उठून शेळ्यांना गवत टाकायला गेला. त्यालाही मी आठवलो नाही. मागं उसाची रांग, आणि हा वाकलेला. प्रतीक्षा दारात उभी राहून, तो आत येईपर्यंत उसाकडं बघत होती.

प्रकाशकाचा फोन पाडव्याच्या आधी आला. तिनं सांगितलं, यंदा जमणार नाही, घरी असं असं झालंय. पलीकडून खूप वाईट वाटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पण बघा, आता तर तुमच्याकडं केवढा मोठा विषय आहे." तिनं फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर तिनं उचलला नाही. मोबाईलमध्ये त्या सकाळचं बोलणं तसंच आहे. शेवटी सुजूची किंकाळी आहे, म्हणून ती ते लावत नाही. झुंबर अजून पायरीवर एक पाय ठेवून उभी आहे.

चालणं बंद झालं. एकदा तिनं अंगणात फेऱ्या मारून पाहिल्या. उसाचं पाचट वाजलं की थांबायची, मांजर गेलं तरी थांबायची. शेवटी चपला काढून घरात आली. साखर वाढली, गोळ्या वाढल्या. डॉक्टर विचारतात, चालताय ना? ती हो म्हणते.

जूनमध्ये सुजू पहिलीत गेली. शाळेची वाट उसाच्या कडेनं जाते. प्रतीक्षानं मला परत रामनाथकडं नेलं.

"लहान करून द्या."

"किती लहान?"

तिनं सुजूला पुढं केलं. रामनाथनं तिच्या गळ्याभोवती सुतळी धरून माप घेतलं. त्यानं मला मधून कापलं, काही खिळे काढून टाकले, उरलेले कानशीनं घासून बोथट केले. नवी भोकं पाडली. जायच्या वेळी सुजूला म्हणाला, "टोचलं तर सांग हां, पोरी."

ती म्हणाली, "टोचत नाय."

टोचतो मी. मला माहीत आहे.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं दप्तरं ठेवतात, तिथं भिंतीला खिळ्यांची रांग आहे. आम्ही तिथं टांगलेले असतो, सगळे लहान मापाचे. कुणाचं रेक्झिन लाल, कुणाचं हिरवं. एकावर कुणाच्या तरी आईनं फूल शिवलं आहे. मधल्या सुट्टीत पोरं बिबट्या-बिबट्या खेळतात. बिबट्या व्हायला सगळ्यांना आवडतं. कधीकधी सुजू मला काढायला विसरते आणि तशीच लिहायला बसते. हनुवटी खाली येत नाही, म्हणून ती पाटी तोंडासमोर उचलून धरते आणि त्या तशा अवस्थेत अक्षरं काढते. बाई येऊन बक्कल सोडतात. तोवर अर्धा शब्द झालेला असतो.

परवाची गोष्ट. दोघी शाळेला निघाल्या होत्या. प्रतीक्षाच्या गळ्यात काही नव्हतं. घरटी एक. उसाची कड आली तसा तिनं सुजूचा हात घट्ट धरला.

"आई, मोठ्यानं बोल ना. तो येईल."

प्रतीक्षानं तोंड उघडलं. मी आता तिच्या गळ्यात नसतो, म्हणून आत थरथर झाली की नाही ते सांगता येत नाही. तिनं एकदा उसाकडं बघितलं, एकदा मागं वस्तीकडं बघितलं. आपल्या आवाजानं ते जनावर कुणाच्या घराकडं जाईल, एवढंच बघत असावी. मग अगदी हळू, सुजूपुरतं, म्हणाली, "बे एके बे."

"मोठ्यानं."

"बे दुणे चार."

शाळेच्या फाटकापर्यंत दोघी पाढे म्हणत गेल्या.

माझं आयुष्य एवढंच आहे. एका मोठ्या माणसाच्या मापानं जन्मलो, आईच्या गळ्यात तासभर सुखात राहिलो, आता लेकीच्या गळ्यात आहे. मला फेकून द्या असं मी म्हणत नाही. ऊस उभा आहे तोवर तुम्ही मला फेकणार नाही, हे मला कळतं. पण मागच्या आठवड्यात माझं बक्कल बदलायला मला रामनाथच्या दुकानात नेलं होतं, तेव्हा तिथं एक बाई आली होती, काखेत मूल घेऊन. अजून नीट उभंही न राहणारं. त्याच्या मापाचा पट्टा मिळेल का, म्हणून विचारत होती. रामनाथनं सुतळी हातात घेतली आणि तसाच बसून राहिला.

माणसांनो, तुमच्या हातात जे काही असेल ते करा. फक्त त्याला ते माप घ्यायला लावू नका.